सारांश, गोषवारा, मथितार्थ : ऑटिस्टिक व्यक्तीला ‘थोडक्यात सांग’ म्हणताना आपण नेमकं काय मागतो?

तळटीप (धागाकर्ती)

‘थोडक्यात सांग’ ही ऐकायला एकच सूचना वाटते, पण तिच्या पोटात निदान तीन वेगवेगळी कामं असतात. मराठीत त्या तिघांना वेगळे शब्दही आहेत.

सारांश म्हणजे मूळ मजकूरच, पण आटवलेला. मथितार्थ म्हणजे घुसळून वर आलेलं लोणी. मूळ मजकुरात ते त्या रूपात कुठेच दिसत नाही. आणि गोषवारा हा हिशेबाच्या वहीतला शब्द. त्यात सदरं आधीच आखलेली असतात, प्रत्येक सदराखाली बेरीज मांडली की झालं.

माझं म्हणणं असं की बऱ्याच ऑटिस्टिक व्यक्तींना गोषवारा चांगला जमतो, सारांश वेळ देऊन जमतो आणि मथितार्थापाशी गाडं अडतं. ते अडतं म्हणून ‘याला/हिला मांडणी जमत नाही’ असा शिक्का बसतो. लहान करणं म्हणजे कापणं नव्हे, निवडणं. निवडायला निकष लागतो. तो निकष मागणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो. ‘महत्त्वाचं तेवढंच सांग’ यात ‘कुणासाठी महत्त्वाचं, कशासाठी महत्त्वाचं’ हे सांगितलेलंच नसतं. ऐकणारी व्यक्ती तो अंदाज बांधत नसेल किंवा बांधायला कचरत असेल, तर सगळंच सांगणं हा एकमेव प्रामाणिक मार्ग उरतो. त्यालाच आपण पाल्हाळ म्हणून मोकळे होतो.

या विषयावर अनुभवकथनं बरीच वाचायला मिळतात. इथे कृती, कारणं आणि कुठे फसतं ते जमवू या.

---

मोजपट्टी

निकषाच्या मुद्द्याला प्रयोगांचा आधार आहे, तो आधी नोंदवते.

१९७७ साली डेव्हिड नेव्हन यांनी एक साधी चाचणी मांडली. लहान लहान अक्षरं रचून एक मोठं अक्षर बनवायचं. समजा पन्नासेक छोट्या ‘स’ची रांगोळी घालून मोठा ‘ह’ काढला. आता दिसतं काय, ‘स’ की ‘ह’?

१९९९ मध्ये केट प्लेस्टेड आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक मुलांना हे दोन प्रकारे दिलं. ‘मोठ्या अक्षराकडे बघ’ असं स्पष्ट सांगितलं, तेव्हा त्यांना मोठं अक्षर इतर मुलांसारखंच ओळखता आलं. पण अक्षर कुठल्या पातळीवर येणार हे न सांगता दोन्हीकडे लक्ष ठेवायला लावलं, तेव्हा त्यांचं पारडं लहान अक्षरांकडे झुकलं आणि मोठं अक्षर सुटू लागलं.

म्हणजे समग्र दिसतं. न सांगता नजर आपणहून तिकडे जात नाही, इतकंच. मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ मध्ये याला मध्यवर्ती सुसंगतीचा कमकुवतपणा म्हटलं होतं, म्हणजे तुकडे जुळवून समग्र अर्थ लावण्याची ओढ कमी असणं. २००६ मध्ये फ्रान्सेस्का हॅपे यांच्यासोबत लिहिताना त्यांनी ते सौम्य केलं: ही उणीव मानण्यापेक्षा तपशिलाकडे झुकणारी विचारशैली मानावी. तो बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. उणीव मानली की माणसाला दुरुस्त करायला निघतो, शैली मानली तर आधी सूचना दुरुस्त करतो.

---

रफार

तळटीप, सदरांची कल्पना पटली. कामाच्या बैठकीचा वृत्तांत हवा असेल तर अशी सदरं देता येतील:

१. काय ठरलं (जास्तीत जास्त ३ वाक्यं)
२. कुठलं काम कुणाकडे, कधीपर्यंत
३. काय अडलं आणि कुणाच्या उत्तरासाठी
४. बाकी सगळं (कितीही लांब)

चौथं सदर गाळू नका, सगळी गंमत त्यातच आहे. ते नसेल तर ‘हे कुठे घालू?’ असा प्रत्येक तपशील वरच्या तीन सदरांत घुसतो आणि ती फुगतात. तपशिलाला हक्काची जागा मिळाली की वरचं आपोआप आटोपशीर होतं. वाचणाऱ्याने चौथं सदर वाचलं नाही तरी चालेल, पण ‘ते काढून टाक’ म्हणू नये.

आणखी एक. सदरं काम सुरू होण्याआधी द्यायची. बैठक संपल्यावर दिली तर एक तासाचं सगळं आठवून पुन्हा चाळावं लागतं. आधी दिली तर ऐकतानाच खणात पडत जातं.

---

जोडाक्षर

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळं ‘निवड’ या एकाच खुंटीला टांगू नये. अडचण निवडीच्याही आधी असू शकते, शब्दांपर्यंत पोचण्यात.

काहींचा विचार मुळात शब्दांत चालत नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या टेम्पल ग्रँडिन यांनी आपल्या चित्ररूप विचारांबद्दल विस्ताराने लिहिलं आहे. १९९४ मध्ये रसेल हर्लबर्ट, हॅपे आणि फ्रिथ यांनी अस्पर्गर (तेव्हाचं वेगळं निदान, आता ते ऑटिझममध्येच धरतात) निदान झालेल्या तीन प्रौढांना दिवसभरात अधूनमधून वाजणारं यंत्र दिलं. ते वाजलं की त्या क्षणी मनात काय होतं ते टिपायचं. तिघांनीही मुख्यतः चित्रंच सांगितली. नमुना तीन जणांचा, त्यामुळे ‘सगळे ऑटिस्टिक चित्रांत विचार करतात’ असं यावरून म्हणता येत नाही. कित्येकांचा विचार पूर्ण शब्दांत चालतो. पण ज्यांचा चालत नाही त्यांच्यासाठी वर्णन करणं हे भाषांतर असतं आणि सारांश म्हणजे भाषांतर अधिक संपादन, तेही एकाच वेळी. ही दोन कामं वेगळी काढली तरच निभावतं.

करायचं असं: पहिल्या फेरीत शब्द नकोतच. चौकटी, बाण, रेघा, फोटो, काहीही चालेल. दुसऱ्या फेरीत प्रत्येक चौकटीला दोन-तीन शब्दांचं नाव. तिसऱ्या फेरीत त्या नावांचीच वाक्यं. घाईत दुसरी फेरी गाळली जाते आणि तिसरीत माणूस थिजतो. नाव नसलेल्या चौकटीचं वाक्य होत नाही.

---

अर्धविराम

एक शंका. काही जण उलट टोकाला असतात. कसं झालं? ‘झालं.’ काय काय केलं? ‘काम.’ इथे तपशिलाचा पूर कुठे आहे?

---

तळटीप

@अर्धविराम, माझ्या मते मूळ तेच. किती सांगायचं याचा अंदाज येत नसेल तर एक जण सगळं सांगतो, दुसरा किमान तेवढंच. ‘कसं झालं?’ला ‘झालं’ हे खरं उत्तर आहे, प्रश्नच अपुरा आहे.

शिवाय आठवण काढण्याचीही बाब आहे. डर्मॉट बोलर यांनी नव्वदच्या दशकापासून दाखवत आणलेली गोष्ट अशी की मोकळ्या प्रश्नावर (‘आठवेल ते सांगा’) ऑटिस्टिक व्यक्ती अनेकदा मागे पडतात, पण धागा हातात दिला की तीच माहिती बऱ्यापैकी बाहेर येते. स्मृतीत असतं, शोधायला खूण लागते. म्हणून ‘दिवस कसा गेला?’ऐवजी ‘सकाळी आल्यावर पहिलं काय केलं?’, ‘आज ठरल्यापेक्षा वेगळं काही झालं का?’ असे बांधलेले प्रश्न चालतात. दुसरा प्रश्न विशेष उपयोगी, कारण नेहमीच्या गोष्टी न सांगण्याची परवानगी त्यातच मिळते.

---

निळी शाई

बांधलेले प्रश्न ठीक, पण कुठे थांबायचं तेही बघा. साक्ष, तक्रार, आजाराचा इतिहास अशा ठिकाणी विचारणाऱ्याने सदरं ठरवली तर उत्तर त्याच साच्यात ओतलं जातं, आणि साच्याबाहेरचं कायमचं हरवतं.

त्यासाठी केटी मॅरस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेली साक्षीदार-केंद्री पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. त्यात घटनेचे भाग साक्षीदार स्वतः पाडतो. आधी फक्त भागांची नावं सांगायची, ती एकेका चिकट-चिठ्ठीवर लिहून समोर लावायची. मग एक चिठ्ठी घेऊन तेवढ्याच भागाबद्दल आठवेल ते सगळं. तो भाग संपेपर्यंत दुसऱ्या भागातलं विचारायचं नाही. या पद्धतीने तपशील वाढले, अचूकताही वाढली, आणि ती ऑटिस्टिक नसलेल्या साक्षीदारांचीसुद्धा वाढली.

याउलट, प्रसंग मनात पुन्हा जसाच्या तसा उभा करायला लावणारी जी बोधात्मक मुलाखत पोलीस तपासात नावाजलेली आहे, तिच्यात ऑटिस्टिक साक्षीदारांच्या चुका वाढल्याचं मॅरस आणि बोलर यांनी २०१० मध्ये नोंदवलं होतं. ‘सर्वांना उपयोगी’ म्हणून गाजलेलं तंत्र इथे उलटू शकतं, हे मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं.

तर थोडक्यात (हा शब्द वापरताना आता जपून!): निर्णय तुमचा असेल तेव्हा सदरं तुम्ही द्या. अनुभव त्यांचा असेल तेव्हा सदरं त्यांना पाडू द्या.

---

रफार

निळी शाई, शेवटचं वाक्य उतरवून घेतलं.

मध्येच तोडण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. क्रमाने सांगत असलेल्या माणसाला ‘ते राहू दे, पुढे काय झालं?’ म्हटलं की पुष्कळदा तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ऐकणाऱ्याला तो हट्ट वाटतो. पण इथे क्रम हीच शिडी असते; मधली पायरी काढली तर वर जायला खालूनच निघावं लागतं. तोडून वेळ वाचत नाही, दुप्पट जातो. शंका आली तर कागदावर टिपा आणि शेवटी विचारा. वेळच कमी असेल तर ते सुरुवातीला सांगा: ‘माझ्याकडे ५ मिनिटं आहेत. शेवटून सुरू कर, आधी निकाल सांग.’

---

पानगळ

लिहिणाऱ्या बाजूने कृती देते. अहवाल, अर्ज, डॉक्टरांना द्यायची टिपणं, सगळ्याला चालते.

आधी सगळं लिहून काढायचं, १५-२० मिनिटं, अजिबात न कापता. लिहितानाच कापायला गेलं की प्रत्येक वाक्यापाशी निर्णय घ्यावा लागतो आणि तिसऱ्या वाक्याला थकायला होतं. मग निदान अर्धा तास बाजूला ठेवायचं, जमल्यास रात्रभर.

नंतर वाचणाऱ्याचं एक वाक्य माथ्यावर लिहायचं: ‘हे वाचून अमुक व्यक्ती अमुक ठरवणार आहे.’ हे वाक्य भरता येत नसेल तर पुढे जाऊ नका. सारांश मागणाऱ्याला विचारा. आता प्रत्येक वाक्याला तीनपैकी एक खूण करायची. हे नसेल तर वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल: ठिपका. निर्णय बदलणार नाही, पण वरच्यावर विश्वास बसायला लागेल: फुली. दोन्ही नाही: काही नाही.

ठिपक्यांची वाक्यं वर, त्यांच्याच मूळ क्रमाने. फुल्या त्याखाली. बिनखुणेची शेवटी ‘तपशील’ म्हणून, किंवा वेगळ्या कागदावर. काहीही खोडायचं नाही.

फसतं कुठे? पहिल्या वेळी जवळजवळ सगळ्याच वाक्यांवर ठिपका येतो. तेव्हा आकडा ठरवून टाका: २० वाक्यांत ५च ठिपके. सहावा हवा असेल तर आधीच्या पाचांतला एक फुलीत जाईल. ‘कोणतं महत्त्वाचं?’ यापेक्षा ‘या दोघांतलं कोणतं जास्त?’ या प्रश्नाचं उत्तर कितीतरी सोपं असतं.

---

मोजपट्टी

पानगळ, ‘खोडायचं नाही’ यामागचं कारणही लिहायला हवं. अनेकांना गाळणं खोटं बोलण्यासारखं वाटतं. हा अतिरेक नाही, यात खरं तत्त्व आहे. बारा जणांतल्या अकरांनी होकार दिला असेल तर ‘सगळ्यांना मान्य आहे’ हे वाक्य खोटंच आहे. इतर माणसं ते सहज बोलून जातात म्हणून ते खरं होत नाही.

अशा वेळी ‘एवढं काय त्यात’ म्हणण्याऐवजी भाषेतली हत्यारं हाती द्यावीत. ‘सुमारे’, ‘बहुतेक’, ‘एक अपवाद वगळता’, ‘मुख्यतः’, ‘इतर कारणांसह’. ‘बैठक ४७ मिनिटं चालली’ याचं ‘पाऊण तास चालली’ करताना टोचतं. ‘सुमारे पाऊण तास’ म्हटलं की वाक्य लहानही राहतं आणि खरंही. आधी ठरवून घेता येतं की वेळ ५ मिनिटांच्या फरकाने आणि माणसांची संख्या मात्र अचूक. कुठे किती ढोबळ चालेल हे उघड सांगितलं की ढोबळपणा पेलतो.

---

अर्धविराम

भावनांचं वर्णन? ‘कसं वाटतंय?’ला ‘माहीत नाही’ हे उत्तर वारंवार येतं. तेही निकषाच्या अभावामुळेच का?

---

जोडाक्षर

नाही, हे वेगळं ठेवू या. यासाठी अलेक्सिथायमिया हा स्वतंत्र शब्द आहे. पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो घडवला. ग्रीक मुळांतून अर्थ ‘भावनेला शब्द नसणे’. हा ऑटिझमचा भाग नाही, पण सोबत पुष्कळदा आढळतो. २०१९ मधल्या एका एकत्रित आढाव्यात ऑटिस्टिक व्यक्तींपैकी सुमारे ५० टक्के आणि इतरांपैकी सुमारे ५ टक्के असं प्रमाण आलं. म्हणजे निम्म्या ऑटिस्टिक व्यक्तींना ही अडचण नाही, हेही तितकंच लक्षात ठेवायचं.

ज्यांना आहे त्यांना ‘माहीत नाही’ हे खरंच माहीत नसतं. खोदून विचारलं तर समोरच्याला हवा तो शब्द दिला जातो आणि पुढचं सगळं त्या चुकीच्या शब्दावर उभं राहतं. शरीरापासून सुरुवात करावी: जबडा आवळलाय का, पोटात काय होतंय, आवाज जास्त बोचतायत का, शेवटचं कधी खाल्लं. मग कृती: आत्ता इथून जावंसं वाटतंय की थांबावंसं? नाव सगळ्यात शेवटी, आणि नाही मिळालं तरी चालतं. उत्तर दुसऱ्या दिवशीही येऊ शकतं. ते लिहून पाठवायची मुभा ठेवा.

वेदनेच्या ‘१ ते १०’ पट्टीचीही तीच गत. १० म्हणजे काय, हेच ठरलेलं नसतं. ‘आजवरची सर्वांत जास्त’ की ‘कल्पनेतली सर्वांत जास्त’? त्याऐवजी कामाची मापं सांगावी: रात्री कितीदा जाग आली, किती वेळ बसता येतं, कुठली हालचाल टाळली जाते. तपासणाऱ्याला पट्टीवरच्या आकड्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

---

निळी शाई

चित्रवर्णनाबद्दल एक टिपण. ऑटिझमच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या निरीक्षण-चाचणीत चित्राचं वर्णन आणि शब्द नसलेल्या चित्रपुस्तकावरून गोष्ट सांगणं असे भाग असतात. शाळेतही हे असतंच. ‘चित्रात काय दिसतंय?’ या प्रश्नाला वस्तूंची यादी हे बरोबर उत्तर आहे: दोन झाडं, एक बाक, लाल छत्री, डावीकडे कुत्रा. ‘चित्रात काय चाललंय?’ला घटना हवी. आणि ‘यानंतर काय होईल?’ला अंदाज. आपण पहिला प्रश्न विचारून दुसऱ्याचं उत्तर अपेक्षितो, आणि यादी आली की ‘संदर्भ कळत नाही’ अशी नोंद करतो. नोंद करण्यापूर्वी दुसरा प्रश्न विचारून तर बघा.

---

रफार

एकाच बाजूने सगळी जुळवाजुळव का करायची, असाही प्रश्न आहे. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये दुहेरी समानुभूतीची समस्या मांडली: न समजणं दोन्हीकडून असतं. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीसारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या. पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला. फक्त ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत माहिती, एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळ्यांइतकीच टिकली. घसरण झाली ती दोन्ही प्रकारची माणसं असलेल्या मिश्र साखळ्यांत. म्हणजे सांगणं बिघडलेलं नाही, दोघांमधला सांधा बिघडतो.

---

मोजपट्टी

@रफार, एक भर, कारण हा प्रयोग फार वेळा अर्धवट सांगितला जातो. २०२०चा प्रयोग ७२ जणांचा होता. त्याच गटाने २०२५ मध्ये ३००हून अधिक जणांवर केलेल्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळ्यांतली ती घसरण दिसली नाही; तिन्ही प्रकारच्या साखळ्या साधारण सारख्याच ठरल्या. दोन्ही वेळा पक्कं राहिलं ते हे की ऑटिस्टिक साखळ्या माहिती पोचवण्यात उण्या पडल्या नाहीत. आपल्या चर्चेला तेवढं पुरेसं आहे, सांध्याच्या दाव्यावर मात्र इतका भार टाकू नये.

---

रफार

बरोबर. दुरुस्ती मान्य.

---

पानगळ

टंकून किंवा फलकावरची चित्रं-अक्षरं निवडून संवाद करणाऱ्यांचा विचारही हवा. बोलणं मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्दांनी चालतं. एकेक अक्षर निवडताना अनेकदा दहा शब्दही होत नाहीत. तिथे प्रत्येक वाक्य नाइलाजाने सारांशच असतं. ‘पाणी नको’ यामागे ‘आत्ता नको’, ‘हे नको’, ‘थंड नको’ यांतलं काहीही असू शकतं. ऐकणाऱ्याने वाक्य पुरं करू नये. पर्याय द्यावेत आणि त्यांत ‘यांपैकी नाही’ हा पर्याय दर वेळी, न चुकता असावा. उत्तरासाठी थांबताना मनात वीसपर्यंत मोजा. पाचव्या आकड्याला प्रश्न पुन्हा विचारला तर चाललेली जुळणी मोडते.

---

अर्धविराम

शेवटची शंका. परीक्षेत किंवा नोकरीच्या चाचणीत ‘उताऱ्याचा एक तृतीयांश शब्दांत सारांश लिहा’ एवढंच असतं. तिथे निकष विचारायला कुणी नसतं. मग?

---

तळटीप

तिथे निकष स्वतः पुरवायचा, आणि तो दर वेळी तोच ठेवायचा, म्हणजे त्या दिवशी ठरवत बसावं लागत नाही. माहितीपर उताऱ्याला हे चालतं: प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न, ‘लेखकाने हा परिच्छेद काढून टाकला असता तर वाचकाला काय कळलं नसतं?’ उत्तर एका वाक्यात, समासात. उदाहरणं, आकडे, अवतरणं हे सहसा परिच्छेदाच्या मुख्य विधानाचा आधार असतात, म्हणजे पानगळ यांच्या भाषेत फुल्या, ते गाळायचे. समासातली वाक्यं जोडली की बहुतेकदा शब्द मर्यादेच्या आत बसतात. कमी पडले तर प्रत्येक वाक्याला एक ‘कारण’ जोडायचं, जास्त झाले तर आधी विशेषणं काढायची.

कथात्मक उताऱ्याला हे नीट लागू पडत नाही, कारण तिथे परिच्छेद काढला तरी माहिती कमी होईलच असं नाही. तिथे चार सदरं: कोण, काय हवं होतं, काय आड आलं, शेवटी काय झालं. प्रत्येकी एक वाक्य. पात्राच्या मनात काय आलं असेल हे उताऱ्यात लिहिलेलं नसेल, तर सारांशातही लिहू नका. तो वेगळा प्रश्न आहे आणि विचारला तरच त्याचं उत्तर द्यायचं.

सरावासाठी कोऱ्या कागदापासून सुरुवात करू नका. दुसऱ्या कुणी लिहिलेला, मुद्दाम दोन चुका घातलेला सारांश घ्या आणि मूळ उताऱ्याशी ताडून दुरुस्त करा. चूक हेरणं अनेकांना लिहिण्यापेक्षा सोपं जातं, आणि दुरुस्त करता करता सारांशाचा बांधा हाताला कळतो. दहा-बारा दुरुस्त्यांनंतर स्वतःचा पहिला लिहायला घ्या. फक्त हे सरावापुरतंच. साक्ष किंवा आजाराची माहिती घेताना चुकीचं विधान समोर ठेवून ‘बरोबर आहे का?’ असं विचारू नका, कारण दमलेला माणूस त्याला ‘हो’ म्हणून मोकळा होतो.